वसंतातल्या शनिवार-रविवारच्या पक्षीनिरीक्षण फेऱ्या : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलअखेरपर्यंत शनिवार-रविवारी सकाळी आम्ही पुण्यातून पक्षी बघायला निघतो. नव्याने येणारे लोक फोनवर आणि गाडीत जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. फुललेल्या झाडांबद्दलचं आणि घरट्यांबद्दलचं उत्तर लांबलं आहे, पण ती दोन वाचल्याशिवाय येऊ नका.

पक्षी बघायचे तर थंडीत. फेब्रुवारीनंतर काय उरतं?

हा समज आपल्याकडे पक्का बसलेला आहे. महाराष्ट्रात पक्षी सप्ताहही ५ ते १२ नोव्हेंबर असा साजरा होतो, मारुती चितमपल्ली आणि सलीम अली यांच्या जन्मदिवसांना जोडून. मग डिसेंबर-जानेवारीत तलावांवर गर्दी होते आणि होळी आली की दुर्बिणी कपाटात जातात.

थंडीत जाती जास्त दिसतात, हे खरंच आहे. पण हिवाळी पाहुणा आपल्याकडे येतो तो पोट भरायला आणि थंडी टाळायला. जोडीदाराची मनधरणी, घरटं, पिल्लं हे सगळं तो आपल्या मुलखात परत जाऊन करतो. इथले रहिवासी पक्षी मात्र हे सगळं आपल्या डोळ्यांदेखत करतात, आणि त्यातल्या कित्येकांची धांदल फेब्रुवारी ते मे या काळातच असते. जानेवारीत गप्प असलेला दयाळ मार्चमध्ये पहाटे तारेवर बसून गळा मोकळा करतो. खंड्या झाडाच्या शेंड्यावर जाऊन लांबलचक साद घालतो. जांभळ्या सूर्यपक्ष्याच्या नराचा विणीबाहेरच्या काळातला रंग पुष्कळसा मादीसारखाच, फिकट पिवळट असतो, फक्त गळ्यापासून पोटापर्यंत एक गडद पट्टा. तोच नर वसंतात उन्हात निळा-जांभळा चमकतो. तांबट सकाळी सुरू करतो तो भर दुपारच्या उन्हातही थांबत नाही.

त्यामुळे या फेऱ्यांत आम्ही किती जाती झाल्या हे विचारत नाही. एखादा पक्षी काय करतोय, हे पाऊण तास नीट बघायला मिळालं की सकाळ सार्थकी लागली असं आम्ही मानतो.

पाहुणे पक्षी तोपर्यंत गेलेले असतात का?

एकदम जात नाहीत. मार्चभर पांगापांग चालू असते आणि ती बघण्यातही मोठी गोडी आहे. उजनी जलाशयावरचे पट्टकदंब हंस लडाख, तिबेट, मंगोलियाच्या सरोवरांकडे निघतात, तेही हिमालय ओलांडून. चक्रवाक बदकं विरळ होत जातात. धोबी जाण्याआधी विणीचा पेहराव चढवू लागतात, त्यामुळे मार्चअखेरीचा पिवळा धोबी डिसेंबरातल्यापेक्षा कितीतरी ठसठशीत दिसतो. भोरड्या, म्हणजे पळसमैना, मध्य आशियात वीण करतात. जाण्याआधी त्यांचे थवे फुललेल्या झाडांवर तुटून पडतात. एकाच जागी दर आठवड्याला गेलात तर कोण कधी दिसेनासं झालं हे तुमचं तुम्हालाच कळायला लागतं. म्हणून नव्या माणसाला आम्ही सांगतो, पाच ठिकाणी एकेकदा येण्यापेक्षा एकाच ठिकाणी तीनदा या.

कुठे कुठे नेता?

सुरुवात नेहमी टेकडीवरून. वेताळ टेकडी ही शहरातली सर्वांत उंच टेकडी, बसने जाता येतं, आणि तिथल्या जुन्या खाणीतल्या पाण्यावर उन्हाळा तापू लागला की सकाळी पक्ष्यांची रीघ लागते. मोरही असतात. ज्यांना पहिल्यांदाच यायचंय त्यांनी हीच फेरी धरावी.

सिंहगडाच्या पायथ्याची दरी ही सावलीतली जागा. तिथे चालायचं कमी आणि ऐकायचं जास्त. बुलबुल, सुभग, हळद्या, स्वर्गीय नर्तक, टिकेलचा निळा माशीमार असे झाडीतले पक्षी दिसतात. सुट्टीच्या दिवशी गडावर जाणाऱ्या गाड्यांची गर्दी सुरू व्हायच्या आत आम्ही तिथून निघतो.

कवडीपाट सोलापूर रस्त्यालगत, लोणी काळभोरच्या अलीकडे, मुळा-मुठेवर. नदी शहराची घाण घेऊन येते, वास येतो, फेस दिसतो. हे आधीच सांगतो, कारण पहिल्यांदा येणाऱ्यांना धक्का बसतो. तरीही शेकाट्या, हळदीकुंकू बदक, चित्रबलाक, शराटी, तुतवार तिथे हाताच्या अंतरावर म्हणावेत इतक्या जवळून दिसतात. नदीचं आपण काय केलंय आणि पक्षी कशात तग धरून आहेत, हे दोन्ही एकाच वेळी बघायला लागणारी ही जागा आहे. मुलांना इथे आवर्जून आणा.

माळरानासाठी सासवड-जेजुरीकडचा पट्टा आणि सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य. अभयारण्य जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं आहे, पण चिंकारा, चंडोल, धाविक, माळटिटवी यांच्यासाठी ते लाखमोलाचं आहे. माळढोक दिसेल या आशेने येऊ नका. तो आपल्या माळांवरून जवळजवळ नाहीसा झाला आहे. उरलेल्या माळाला पडीक जमीन म्हणणं आपण सोडलं नाही तर धाविकाचीही तीच गत होईल.

हंगामात एकदा भिगवण, उजनी जलाशयाच्या काठी, पुण्यापासून साधारण १०० किलोमीटर. त्याबद्दल खाली वेगळं लिहिलं आहे.

सावरीच्या एका झाडाखाली तासभर का बसवता? चालायला आलो होतो.

कारण या दिवसांत पक्ष्यांच्या मागे फिरावं लागत नाही. झाड निवडलं की पक्षी आपणहून येतात.

काटेसावर पानं झाडून टाकते आणि निष्पर्ण फांद्यांवर तळहाताएवढी लाल फुलं धरते. फूल जाड, मांसल, आणि तळाशी मध भरलेला. पान आड येत नसल्यामुळे झाडावरचा प्रत्येक पक्षी उघड्यावर दिसतो. नवख्या माणसाला दुर्बीण कुठे रोखायची हे शिकायला याहून सोपी जागा नाही. पाठोपाठ पळस आणि पांगारा फुलतात. शहरात शेवग्यावरही सूर्यपक्ष्यांची वर्दळ असते.

बसल्यावर काय बघायचं? आधी कोण कोण येतं ते. साळुंक्या, भांगपाडी मैना, भोरड्या, बुलबुल, कोतवाल, कावळे, टोई पोपट, चष्मेवाले, खारीसुद्धा. मग हुकमत कोणाची ते. भोरड्यांचा थवा आला की बाकीचे बाजूला सरतात. एखादा सूर्यपक्षी मात्र आपली फांदी सोडत नाही, स्वतःहून कितीतरी मोठ्या पक्ष्याच्या अंगावर धावून जातो. कोतवाल मधही पितो आणि फुलांवर आलेले किडेही टिपतो. नंतर कपाळाकडे बघा. फुलात डोकं घालून बाहेर काढलेल्या मैनेच्या कपाळावर परागांची पूड चिकटलेली दिसते, ती घेऊन ती पुढच्या झाडावर जाते. झाडाचं काम असं होतं. पोपट मात्र पुष्कळदा फूलच कुरतडून टाकतो. झाडाखाली पडलेली फुलं उचलून बघितलीत तर कोणतं आपोआप गळलं आणि कोणतं तोडलं गेलं ते देठावरून ओळखू येतं.

पहिल्या दहा मिनिटांत लोक चुळबुळ करतात. वीस मिनिटांनी कोणीतरी हळूच म्हणतं, "तो मघाचाच आहे का?" तिथून खरं निरीक्षण सुरू होतं.

वड, पिंपळ, उंबर फळांनी लगडलेले असतील तर तिथेही असंच बसतो. महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियाल बघायचा तर हीच झाडं. पानांत इतका मिसळून जातो की एक दिसेपर्यंत झाड रिकामं वाटतं आणि मग अचानक थवाच उडतो.

निघायचं किती वाजता?

मार्चच्या मध्यावर पुण्यात साधारण पावणेसातला उजाडतं, एप्रिलमध्ये त्याच्याही आधी. आपण उजाडायच्या वेळी जागेवर असायचं. साडेनऊनंतर ऊन चढतं, पक्षी सावली धरतात आणि आपणही परत फिरतो. उशिरा येणाऱ्यासाठी थांबत नाही. याबद्दल कोणी रागावू नये, पहिल्या अर्ध्या तासात जे मिळतं ते नंतर भरून निघत नाही.

मला कावळा-चिमणीपलीकडे काहीच ओळखता येत नाही. चालेल?

चालेलच. नाव शेवटी. आधी आकार सांगा, चिमणीएवढा की साळुंकीएवढा की कावळ्याएवढा. मग चोच, शेपूट, उडण्याची ढब, आणि बसला कुठे होता, जमिनीवर, खोडावर की शेंड्यावर. एवढं सांगता आलं की नाव कोणीतरी सांगतंच.

दुर्बीण विकत घ्यावी लागेल का?

पहिल्या दोन-तीन फेऱ्यांना नको. आमच्याकडे जादा दुर्बिणी असतात, आळीपाळीने वापरतो. पुढे घ्यायचीच झाली तर ८×४२ घ्या. आठ म्हणजे किती पट मोठं दिसतं, आणि ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये, ज्यावर उजेड किती आत येतो हे ठरतं. दहा किंवा बारा पटीची घ्यावीशी वाटते, पण हाताची थरथरही तितक्याच पटीने मोठी होते आणि दिसणारा परिसर लहान होतो, त्यामुळे हलत्या पक्ष्यावर ती रोखायला जड जाते. चष्मा असेल तर दुकानात चष्मा लावूनच बघा.

मोबाइलवरचं ॲप आवाज ऐकून नाव सांगतं. मग शिकायचं कशाला?

मर्लिनसारखं ॲप उपयोगी आहे, आम्हीही वापरतो. पण ते चुकतं, विशेषतः कोतवालासारखा नकल्या पक्षी समोर असेल तर. ॲपने नाव सांगितलं की पक्षी डोळ्यांनी शोधा, सापडला तरच यादीत लिहा.

काय घालून यायचं, काय आणायचं?

मातकट, खाकी, शेवाळी रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे, टोपी, चांगली पकड असलेले बूट. दोन लिटर पाणी, एप्रिलमध्ये तीन. खाण्याला दशम्या, थालीपीठ, गूळ-शेंगदाणे असं काहीही, फक्त कुरकुरीत आवाजाच्या पाकिटातलं नको. कचरा परत घरी.

अत्तर, सेंट लावू नका असं का सांगता?

आग्या मोहोळामुळे. सह्याद्रीत फुलांचा हंगाम म्हणजे आग्या मधमाश्यांच्याही लगबगीचा काळ. मोठ्या झाडांवर आणि कड्यांना त्यांची पोळी लटकलेली असतात. उग्र वास, धूर, आरडाओरडा, दगड मारणं यांनी माश्या उठतात आणि एकदा उठल्या की झुंडीने पाठलाग करतात. पोळं दिसलं की फेरीप्रमुख रस्ता बदलतो, तिथे हुज्जत घालायची नाही. माश्या उठल्याच तर हात न झटकता तोंड-डोकं कापडाने झाकून लांब पळायचं. ज्यांना मधमाशीच्या दंशाची ॲलर्जी आहे त्यांनी नाव नोंदवतानाच सांगावं.

मुलांना आणता येईल? आणि आजी-आजोबांना?

सात-आठ वर्षांपुढची मुलं छान रमतात. त्यांना दुर्बिणीपेक्षा वही-पेन्सिल द्या, चित्र काढायला लागली की निरीक्षण आपोआप होतं. आजी-आजोबांसाठी कवडीपाट आणि सावरीखालची बैठक दोन्ही सोयीचं, चाल फारशी नाही. गावाकडे वाढलेल्या आजी-आजोबांना भारद्वाज, टिटवी, पावशा यांची कितीतरी माहिती असते. पावशाचं "पेर्ते व्हा" ऐकून त्यांनी पेरणीच्या दिवसांबद्दल सांगायला सुरुवात केली की आम्ही सगळे गप्प बसून ऐकतो.

एकटीने आले तर?

जरूर या. गटात बायका नेहमीच असतात, एकत्र जाणं-येणं होतं आणि प्रत्येक फेरीच्या दोन प्रमुखांपैकी एक बाई असते.

कोकीळ इतका ओरडतो, पण दिसत का नाही?

कारण तो दाट पानांत बसतो. आंबा, वड, अशोक यांच्या आतल्या फांद्या बघा. काळाभोर, लाल डोळ्यांचा तो नर, आणि कुहू कुहू गाणाराही तोच. मादी तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके. ती कावळ्याच्या घरट्यात अंडी घालते, म्हणून एप्रिलपासून कावळ्यांच्या घरट्यांभोवती तिची ये-जा दिसते. कावळे कोणाचा पाठलाग करताहेत तिकडे नजर ठेवलीत तर कोकीळ हमखास दिसेल.

मोठी लेन्स आहे. घरट्याचे, पिल्लांचे फोटो काढता येतील?

नाही. आमच्या फेरीत घरट्याचे फोटो काढत नाहीत, आणि घरटं सापडलं तर त्याची जागा कोणालाही पाठवत नाहीत. यावर नाराज होऊन परत न आलेले लोक आहेत. तरी नियम बदलणार नाही. कारण सविस्तर सांगतो.

राखी धनेशाचं उदाहरण घ्या. पुण्यातल्या जुन्या बागांतही तो वीण करतो. मार्च-एप्रिलच्या सुमारास मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि तोंड लिंपून घेते, फक्त चोच जाईल एवढी फट ठेवते. त्यानंतर कित्येक आठवडे तिचं आणि पुढे पिल्लांचं सगळं अन्न त्या फटीतून नर आणून देतो. आता समजा, ढोलीसमोर पाच-सहा जण तिपाया लावून उभे राहिले. नर फळ घेऊन येतो, माणसं बघतो, लांबच्या झाडावर बसून राहतो. फोटोवाल्यांना वाटतं आपण काहीच केलं नाही, शांत तर उभे होतो. पण आत मादी आणि पिल्लं उपाशी असतात, आणि ती बाहेर येऊ शकत नाहीत.

टिटवी आणि माळटिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालतात. अंड्यांचा रंग खड्यांसारखा, त्यामुळे चांगल्या कोनाच्या शोधात दोन पावलं वाट सोडली तरी ती पायाखाली येऊ शकतात. आई उठून ओरडत राहिली तर तेवढा वेळ अंडी एप्रिलच्या उन्हात भाजतात, आणि कावळ्याला जागाही कळते. वेडा राघू मातीच्या दरडीत बोगदा करून राहतो, त्या दरडीवर उभं राहिलं तर बोगदा ढासळू शकतो. आडव्या येणाऱ्या फांद्या छाटून फोटो काढणारेही आहेत. त्या फांद्यांची सावली आणि आडोसा पिल्लांसाठी असतो.

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मध्ये शिकारीच्या व्याख्येतच संरक्षित पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विस्कळीत करणं येतं. पण कायदा नसता तरी आम्ही हेच केलं असतं. फुलांवरचे, पाण्यावरचे, उडतानाचे, गातानाचे हवे तेवढे फोटो काढा.

पक्षी सारखा इशारतीचा आवाज काढतोय, चोचीत अळी धरून घरट्यात न जाता इकडेतिकडे उडतोय, असं दिसलं तर समजा आपण फार जवळ आहोत. मुकाट मागे फिरायचं.

मोबाइलवर आवाज लावून पक्षी बोलावता का?

वसंतात तर अजिबात नाही. हद्द राखणाऱ्या नराला वाटतं दुसरा नर घुसला. तो घरटं, खाणं सोडून नसलेल्या शत्रूला शोधत फिरतो.

पिल्लू खाली पडलेलं सापडलं तर घरी न्यायचं?

अंगावर पिसं आली असतील आणि टुणटुण उड्या मारत असेल तर ते उडायला शिकतंय. आईबाप जवळच असतात. कुत्र्या-मांजरांपासून वाचेल अशा झुडपात ठेवा आणि लांब व्हा. पिसंच नसतील आणि घरटं हाताशी असेल तर अलगद परत ठेवा. माणसाचा हात लागला की आई टाकून देते हे खरं नाही. चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. जखमी असेल तर झाकण असलेल्या, भोकं पाडलेल्या खोक्यात ठेवून वनविभागाला १९२६ वर कळवा.

भिगवणला मार्चमध्ये रोहित (फ्लेमिंगो) दिसतील का?

बहुतेक वेळा दिसतात, आणि हे दिवस चांगलेही असतात. उजनीचं पाणी उतरू लागतं, दलदल उघडी पडते, उथळ पाण्यातलं शेवाळ आणि बारीक जीव गाळून खायला रोहित तिथे उतरतात. पाणी किती उतरलंय यावर ते कुठे असतील हे ठरतं, म्हणून आदल्या दिवशी स्थानिक नावाड्यांना विचारूनच निघतो.

नावाड्याला आधीच सांगायचं, थवा उठवायचा नाही. उडत्या थव्याच्या फोटोसाठी लोक तसा आग्रह धरतात, बक्षिशी देतात, आणि नावाडी त्यांना नाही म्हणू शकत नाहीत. दोष मागणाऱ्याचा. दुसरं, पाणी उतरून वर आलेल्या बेटांवर उतरायचं नाही. नदीसुरय अशाच उघड्या वाळूत-खड्यांत अंडी घालतात. तिसरं, कुरवांना (सीगलना) फरसाण, गाठ्या टाकायच्या नाहीत. तळलेलं, खारट खाणं त्यांचं अन्न नाही, आणि ते लांबच्या प्रवासाच्या तोंडावर असतात.

मुंबईकरांना रोहितांसाठी इतक्या लांब यायची गरज नाही. ठाणे खाडीचं अभयारण्य २०१५ मध्ये घोषित झालं, २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेलं. तिथल्या फेरीची वेळ मात्र भरती-ओहोटी बघून ठरवा.

नोंदी कशा ठेवायच्या?

जागा, तारीख, वेळ, हवा, आणि पक्षी काय करत होता. शेवटचं महत्त्वाचं. "तांबट, १" यापेक्षा "तांबट, वाळक्या शेवग्याच्या फांदीला भोक पाडत होता" ही नोंद पुढच्या वर्षीही कामाला येते. फेरीची यादी आम्ही ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकतो, घरटं असेल तर नेमकी जागा न देता. फेब्रुवारीत चार दिवसांची ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट ही पक्षीगणना असते, भारतात ती २०१३ पासून होते. पंधरा मिनिटं गच्चीत उभं राहूनही त्यात भाग घेता येतो.

डोंगरावर वणवा दिसला तर?

फेरी तिथेच थांबते. आधी माणसं सुरक्षित जागी, मग १९२६ वर फोन. गवत जाळलं की नवं चांगलं येतं या समजुतीने लावलेले वणवे नेमके याच महिन्यांत पेटतात, आणि जमिनीवर अंडी घालणारे तितर, लावे, चंडोल त्यात होरपळतात. गटातल्या कोणीही फेरीत विडी-सिगारेट पेटवायची नाही.

एका फेरीला किती जण, आणि खर्च किती?

टेकडीवर आणि दरीत बारा जण, माळावर आठ. त्याहून जास्त माणसं झाली की मागच्यांना फक्त पुढच्यांच्या पाठी दिसतात. फेरीचं शुल्क नाही. गाडीचं भाडं, अभयारण्याचं प्रवेशशुल्क आणि होडीचे पैसे सारखे वाटून घेतो.

येता आलं नाही तर घरबसल्या काय करू?

गच्चीत किंवा खिडकीत पसरट मातीच्या भांड्यात दोन बोटं पाणी ठेवा, आत एखादा दगड टाका म्हणजे लहान पक्ष्याला उभं राहता येतं. रोज घासून पाणी बदला, नाहीतर रोग पसरतात आणि डासही होतात. मांजर झेप घेऊ शकेल अशा जागी ठेवू नका. पहिले काही दिवस कोणी येणार नाही, कावळा आणि बुलबुल बहुधा आधी येतात. आणि मे संपेपर्यंत झाडांची छाटणी पुढे ढकला, सोसायटीच्या बैठकीत हा विषय आत्ताच काढा.